अनुप आहे अजून

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ताई,

मायन्यात साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण आठ अंगांपैकी एक सध्या माझं ऐकत नाही. तेव्हा सप्तांग नमस्कार. राहिलेला एक पुढेमागे घालीन.

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या शिडीवरून पडलो. सगळ्यांत वरच्या फळीवर व्याकरणाचा एक जाडजूड खंड होता. तो मला हवा होता आणि त्यालाही मी हवा असावा, कारण आम्ही दोघं बरोबरच खाली आलो. त्याचा पुठ्ठा शाबूत आहे. माझा डावा गुडघा जागचा हलला आणि त्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला जे बारकं हाड असतं, त्याचं डोकं मोडलं. त्या हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, पाऊल वर उचलणारी, ती चेचली गेली. हे तुला सांगणं म्हणजे मला कुणीतरी संधीचे नियम समजावून देण्यासारखं आहे; पण नवीन शिकलेलं लगेच दुसऱ्याला शिकवायची खोड जात नाही. माझ्या संस्कृतच्या वर्गात तीन विद्यार्थी असतात, त्यांतला एक चुकून आलेला. तेवढ्यांवर भूक भागत नाही.

तर पाऊल लोंबतं. उचल म्हटलं की उचलत नाही. पावलाची वरची बाजू आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्यामधली खाच, एवढ्या मुलखात स्पर्श कळत नाही. तळवा शहाणा आहे, त्याला सगळं कळतं. नस जिवंत आहे की मेली हे आज सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तीन-चार आठवड्यांनी वीज सोडून आणि सुया खुपसून तपासतील. तोवर मी आणि माझं पाऊल, एका पलंगावरचे दोन अनोळखी इसम.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जखम भरायला नखरे करते आहे, म्हणून ठेवून घेतलंय. आणि वॉर्ड तुझाच आहे, तू सिस्टर होतीस तोच. मी निवडला नाही, रुग्णवाहिकेनं निवडला. मी कुणाचा भाऊ हे इथे कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तराची घाई नाही. तुझी रीत मला पाठ आहे: पत्र परत येत नाही, तीच पोच. बाबा गेल्याचं कळवलं तेव्हाही तेवढीच पोच मिळाली होती. तक्रार नाही, नुसतं लिहून ठेवतोय.

धाकटा

शनिवार, १६ नोव्हेंबर

ताई,

इथल्या झाडून सगळ्या सिस्टर पावलाला हात लावण्याआधी स्वतःची बोटं क्षणभर मानेवर टेकवून गरम करतात. पोटरीखाली उशी अशी सरकवतात की टाच अधांतरी राहावी, गादीला टेकून तिला फोड येऊ नये. चादरीचं टोक दुमडताना पायांपाशी एक सैल चुणी सोडतात, बोटांवर भार नको म्हणून. लहानपणी मला ताप आला की ही चुणी कोण सोडायचं ते मला आठवतं. हे सगळं इथे कुणी आणलं हे विचारायची गरज पडली नाही. तू इथे नाहीस आणि जिथे बघावं तिथे आहेस. ब्रह्माची व्याख्या साधारण अशीच करतात. फरक एवढाच की ब्रह्माला कुणी पत्र पाठवत नाही.

आता एक गंमत. गंमतच म्हणतो.

पाळी बदलताना दोघी-तिघी सिस्टर माझ्या पायापाशी उभ्या राहतात आणि हळू आवाजात बोलतात.

"सातला अनुप आहे?"

"आहे अजून."

"कुठवर?"

"खाचेत तर आहेच. वर घोट्यापर्यंत."

आणि जातात. मी सात नंबर. पहिल्या दिवशी मी याकडे विद्वानाच्या नजरेनं पाहिलं. अनूप म्हणजे पाणथळ प्रदेश. पाऊल सुजलंय, आत पाणी साचलंय, तर कुणीतरी संस्कृतज्ञ माणूस या वॉर्डाला मिळालेला दिसतो, असं म्हणून मी खूश झालो. मग लक्षात आलं, अनूपमधला ऊ दीर्घ, आणि या बायका उच्चारतात ऱ्हस्व. शिवाय पाणथळ प्रदेश येत-जात नाही. यांचा येतो-जातो.

शेजारच्या पलंगावर एक निवृत्त ड्रायव्हर आहेत, मांडीचं हाड मोडलेले, पायाला वजन टांगलेले. त्यांना विचारलं.

"अनुप ना? माझ्याकडेपण होता," ते म्हणाले. "परवा गेला."

"कोण आहे पण?"

"देव जाणे. विचारलं तर हसतात. गेला ते बरं झालं म्हणाल्या." मग माझ्याकडे वळता येत नव्हतं म्हणून छताकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडे जास्तच रमलेला दिसतोय मास्तर."

मी हसलो. दुपारभर हसू पुरलं. पण उन्हं उतरली, भेटायला आलेली माणसं गेली, खिडक्या राखाडी झाल्या, आणि मी डोळे मिटून पडलो होतो तेव्हा खाचेत एक बोट टेकलं. थंड. टेकलं आणि तसंच राहिलं, नाडी बघताना राहतं तसं. मी डोळे उघडले. पायापाशी कुणी नव्हतं. चादरीची चुणी होती तशी होती.

जिथे काही कळत नाही, तिथेच कळलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतो आहे, कारण तू कुणाला सांगायची नाहीस, आणि मलाही काही बोलायची नाहीस.

धाकटा

ता. क. मी रात्री झोपेत ओरडतो, असं ड्रायव्हरांचं म्हणणं. विभक्त्या पाठ करत असेन.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

ताई,

अनुपचा छडा लागला. बसून वाच.

त्या बोटानं रोजचा परिपाठ धरला आहे: उन्हं उतरली की येतं. अखेर आज सकाळी मी धीर करून नव्या सिस्टरला विचारलं. ही पोरगी नुकतीच लागली आहे. कामात चोख आणि हसायला लागली की ट्रे सांभाळत नाही.

"हा अनुप कोण ते सांगून टाका. इथेच मेला का तो?"

ती हसून लाल. "काका! माणूस नाहीये तो!"

"तेच तर मी म्हणतोय."

मग मोठ्या सिस्टरच आल्या. तुझ्या हाताखाली होत्या त्याच. आता वॉर्ड त्यांच्याकडे आहे, आवाजही तुझाच घेतलाय. म्हणाल्या, "जुना शब्द आहे आमचा. आधीच्या इनचार्ज सिस्टर बोटांची हजेरी घ्यायच्या. पेशंटनं डोळे मिटायचे, आपण एकेका बोटाला हात लावायचा. कळलं तर उपस्थित, नाही कळलं तर अनुपस्थित. धावपळीत एवढं लांबलचक कोण म्हणणार? अनुप."

ताई, मी आधी हसलो. पाय दुखेपर्यंत. मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. ताटं वाढलेली, बाबा पाटावर, आणि जेवणाआधी हजेरी. मी म्हणायचो "उपस्थितः". तू भुकेच्या घाईत म्हणालीस "उपस्थितः", आणि बाबा घास खाली ठेवून म्हणाले, "तू स्त्रीलिंगी आहेस, विसर्ग कुठून आणलास?" तुझं वरण निवलं पण रूप सुधारून घेतल्याशिवाय त्यांनी जेवू दिलं नाही. आणि तो शब्द तू इथे आणलास, या फिनेलच्या वासात, आणि बोटांना दिलास. अंगठा पुल्लिंगी, बोट संस्कृतात स्त्रीलिंगी. दर वेळी रूप बदलावं लागलं असतं. या बायकांनी शेपूटच कापलं आणि प्रश्न मिटवला. बाबांना झीट आली असती.

मग हसू आपोआप थांबलं. म्हणजे रोज माझ्या पायापाशी उभं राहून त्या सांगत होत्या, 'नाही' अजून आहे. 'नाही' घोट्यापर्यंत आलंय. मी गैरहजेरीला माणूस समजत होतो. तशी चूक आपल्या घरात नवी नाही: तू गेल्यावर तुझी खुर्ची कुणी सरकवत नसे.

मी म्हणालो, "त्या इनचार्ज माझ्या थोरल्या बहीण."

मोठ्या सिस्टरनी हातातला बँडेजचा गुंडाळा खाली ठेवला. माझ्याकडे नीट पाहिलं. "तरीच. नाक तेच." मग एकदम पाठ वळवून खिडकी लावायला गेल्या. खिडकी लावलेलीच होती.

आमच्या घरात तुझ्या जाण्याचं कारण ठरलेलं आहे, तुला कधी कळवलं नाही इतकंच. लांबची मोठी नोकरी मिळाली, डोक्यात हवा गेली. बाबांनी हे शेवटपर्यंत मानलं. त्यात त्यांना थोडा अभिमानही वाटायचा. आज त्या बाईंची पाठ बघून वाटलं, आपण काहीतरी भलतंच पाठ करून बसलोय.

धाकटा

बुधवार, २७ नोव्हेंबर

ताई,

आजचं पत्र लांब होईल. थट्टा कमी असेल, त्याबद्दल क्षमा कर.

सकाळी नवी सिस्टर हजेरीला आली. "डोळे मिटा काका. आता?"

"नाही."

"आता?"

"हो."

"कुठे?"

"खाचेत. जरा अंगठ्याकडे."

मी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते.

"मी हात लावलाच नव्हता," ती म्हणाली. रागावून नाही, घाबरून. मग सारवासारव केली, "तसं असतं ते. रिकामी हाक म्हणतात. मधेच एकदा नुसतंच विचारायचं, हात न लावता. नियम आहे."

परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरांची तोंडं मी आयुष्यभर पाहिली आहेत. आज माझं तसं झालं असणार. ड्रायव्हर उगीच वर्तमानपत्र वाचायला लागले.

मोठ्या सिस्टर दुपारी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "हा नियम कुणाचा, विचारू नका. माहीत आहे तुम्हाला." आणि मग सगळं सांगितलं. ते तुला परत सांगत नाही. फक्त मला काय कळलं ते लिहितो, कुठे चुकलं असेल तर तुझं तू दुरुस्त कर.

नडगी मोडलेला एक माणूस होता, प्लास्टरमधे. भला, सौम्य, 'तुम्हाला त्रास नको' म्हणणारा. आत पोटरी सुजत होती, रक्त कोंडत होतं. गुंगीच्या औषधानं दुखणं दबलेलं. पाय गरम होता, नाडी लागत होती. उरली होती ती फक्त बोटांची हजेरी. ती तू घेतलीस, नीट घेतलीस, आणि त्यानं दर वेळी सांगितलं, कळतंय. प्लास्टर उशिरा कापलं गेलं. पाय गेला. चौकशीत तुझ्यावर काही आलं नाही. पण तू मोठ्या सिस्टरना म्हणालीस, "पायानं उत्तर दिलंच नव्हतं. माणसानं दिलं, माझं मन राखायला. आणि मला फरक कळला नाही." रिकाम्या हाकेचा नियम घालून दिलास, सगळ्यांकडून घोटून घेतलास, आणि गेलीस.

इतकी वर्षं तू हे घेऊन बसली आहेस: की एका सभ्य माणसानं सभ्यपणानं खोटं सांगितलं आणि तुला ते ओळखता आलं नाही.

आता माझं ऐक. मी सकाळी कुणाचं मन राखत नव्हतो. ती पोरगी खूश व्हावी असा विचारही मनात नव्हता. मला बोट टेकलेलं कळलं. थंडपणा कळला. अंगठ्याच्या बाजूला आहे हेही कळलं. शपथ घ्यायला सांगितली असती तर घेतली असती. जिथे काही नाही तिथून मला हाक ऐकू आली आणि मी ओ दिली. त्या माणसानं तुला फसवलं नाही, ताई. त्याला कळत होतं. जे नव्हतं ते त्याला खरोखर कळत होतं. हे बाहेरून कुणालाही ओळखता आलं नसतं, कारण आतूनही ओळखता येत नाही.

तू म्हणशील, धाकट्यानं रचलं. मी रचतो, कबूल. मला दिलासा द्यायचा असता तर मी याहून चांगलं रचलं असतं.

येत्या मंगळवारी तपासणी आहे, आणि मी विचित्र पेचात सापडलोय. नस जिवंत निघाली तर पाय परत मिळेल, पण माझी साक्ष बाद होईल. तू म्हणशील, जिवंत होती म्हणून कळत होतं. नस मेलेली निघाली तर साक्ष पक्की. काय मागावं, तेच सुचत नाही. मोठ्या सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्ही दोघं भावंडं एकाच कारखान्यातली."

धाकटा

मंगळवार, ३ डिसेंबर

ताई,

तपासणी झाली. गावात तू नाहीस म्हणून, नाहीतर सगळ्यांत आधी तुलाच बोलावलं असतं, यंत्रातला आवाज ऐकायला.

छोटी खोली, पडदे ओढलेले, एक यंत्र आणि एक पोक्त डॉक्टर. आधी नसेवर वीज सोडली. गुडघ्याच्या वर सोडली, पाऊल गप्प. गुडघ्याच्या खाली सोडली, पाऊल गप्प. धडक्या पायावर सोडली तर तो पाय असा उडाला की डॉक्टरांचा चष्मा हलला. मग नडगीलगतच्या स्नायूत बारीक सुई घातली. यंत्राला कर्णा आहे. स्नायूत जे चालतं ते त्यातून ऐकू येतं.

"सैल सोडा. विश्रांतीत स्नायू मुका असायला हवा," डॉक्टर म्हणाले.

माझा मुका नव्हता. कर्ण्यातून बारीक तडतड येत होती, एकसारखी, पत्र्यावर कुणी मोहरी सांडत असावं तशी. मी काहीच करत नव्हतो.

"हे कोण बोलतंय?" मी विचारलं.

"तंतू. नसेचा धाक सुटला की आपापले बडबडतात." त्यांनी कान दिला. "आता पाऊल वर उचला. जोरात."

मी उचललं. दात आवळून, मान ताणून, सगळी इच्छा त्या एका जागी नेऊन उचललं. तडतड तशीच चालू राहिली. तिच्यात माझा म्हणून एक ठिपकासुद्धा आला नाही. ताई, जन्मभर मी शब्दांत राहिलो. इतकं स्पष्ट 'नाही' कुठे ऐकलं नव्हतं.

"परत." मी परत. "परत." सुई काढताना ते म्हणाले, "आज तरी काही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. नसा सावकाश वाढतात. वाढल्या तर."

मी विचारलं, "रोज संध्याकाळी मला तिथे हात लावलेला कळतो. हे कसं?"

"तुटलेल्या तारेतूनही आवाज येतो," ते म्हणाले. "वरचं टोक जिवंत असतं ना. मेंदूला वाटतं, पावलाकडूनच निरोप आला."

"पेशंटला फरक ओळखता येतो?"

"कसा ओळखणार? त्याच्या दृष्टीनं तो स्पर्शच."

अहवालाची एक प्रत सोबत जोडली आहे. तुला वाचता येतो. मला आकडेच कळले. माझ्यासाठी बातमी वाईट आहे आणि तुझ्यासाठी तीच चांगली. वाढदिवसाला मी तुला कधी धड काही दिलं नाही, हे त्यात धर.

आता मला पाऊल उचलून धरणारा पट्टा मिळणार. त्यावर बूट चढवायची शिकवणी उद्यापासून आहे. ड्रायव्हर म्हणतात, "मास्तर, क्लच गेला तरी गाडी चालवता येते. आवाज होतो जरा."

धाकटा

सोमवार, ९ डिसेंबर

ताई,

शनिवारी फोनवर तू होतीस, तरी लिहितो. तुला ऐकू येत होतं. इकडे काय चाललं होतं ते दिसत नव्हतं.

संध्याकाळ होत आली होती. नवी सिस्टर वॉर्डचा फोन घेऊन पलंगापाशी आली. "काका, तुम्हाला. बाई नाव सांगत नाहीत, पण मला विचारलं, उशी पोटरीखाली आहे की टाचेखाली." ती अजून घाबरलेली होती, परीक्षकांनी धरल्यासारखी. फोन माझ्या हातात देऊन ती माझ्याकडे पाठ करून शेजारी ड्रायव्हरांच्या पायाला टांगलेलं वजन बघायला गेली. हे नीट ध्यानात घे. माझ्या पायापाशी कुणी नव्हतं. पाऊल चादरीबाहेर उघडं होतं.

इतक्या वर्षांनी तुझं पहिलं वाक्य, "डोळे मीट."

मी मिटले. तुझा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी नळ वाहत होता.

"आता?" तू म्हणालीस.

काही नव्हतं. "नाही."

"आता?"

"नाही."

मग बराच वेळ तू काही विचारलं नाहीस. मला वाटलं, फोन कटला. आणि त्या शांततेत, खाचेत, थंड बोट टेकलं.

ताई, या वेळी मला सगळं माहीत होतं. फोनमधून हात येत नाही, हे माहीत होतं. कर्ण्यातली तडतड मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली होती. शहाण्यासारखं 'नाही' म्हणता आलं असतं, आणि ते बरोबर उत्तर ठरलं असतं. पण तू बरोबर उत्तर विचारत नव्हतीस.

"आता?" तू म्हणालीस.

"हो."

"कुठे?"

"खाचेत. जरा अंगठ्याकडे."

"नक्की?"

"थंड आहे. दाबत नाहीये, नुसतं टेकलंय."

तुझ्याकडचा नळ बंद झाला. तो तू केलास की दुसऱ्या कुणी, मला माहीत नाही. तू म्हणालीस, "माझा हात इथे माझ्या मांडीवर आहे."

"माहीत आहे."

"तरी?"

"तरी आहे. अजून आहे."

मग तू जे म्हणालीस ते मी कुणाला सांगितलेलं नाही, मोठ्या सिस्टरनाही नाही. तू म्हणालीस, "तोही असंच म्हणाला होता. जरा अंगठ्याकडे."

पुढचा आवाज नाक ओढल्याचा होता. तुला सर्दी झाली असेल असं मी धरून चाललो आहे. इकडे मीही तेच कारण सांगितलं, पण ड्रायव्हरांनी रुमाल पुढे केला.

त्यानंतर तू विचारलंस, "दुखतं का रे?"

हा प्रश्न हजेरीत नाही. मी 'नाही' म्हणणार होतो. आपण सभ्य घरातले. तोंडात तयार होतं. मग म्हणालो, "हो. फार दुखतं. रात्री ओरडतो."

"बरं," तू म्हणालीस.

आणि फोन ठेवला नाहीस. मीही नाही ठेवला. वॉर्डात दिवे लागले, जेवणाच्या गाडीची चाकं वाजली, नवी सिस्टर दोनदा येऊन परत गेली, आणि आपण दोघंही काही न बोलता तसेच होतो.

धाकटा